मानाचे गळ

माझ्या सासऱ्यांना सदरा काढायला निमित्त लागायचं नाही. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असो की मतदारयादीच्या कामाला आलेल्या बाई, पाण्याचा पेला हातात दिला की मामा बटणं सोडायला लागत. "ही बघा पाठ," म्हणत आणि वळून बसत. कंबरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, व्रणांच्या ओळी. जुने पांढरे पडलेले, नंतरचे जांभळट. मला बघायला आले तेव्हा आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत, कांदेपोहे संपायच्या आत, त्यांनी माझ्या वडिलांना ती पाठ दाखवली. वडील दुचाकीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले, त्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "मोनिका, माणसं चांगली आहेत गं, पण हे काय?"

हे काय, ते सांगते. चाकणच्या पट्ट्यातलं आमचं गाव. चैत्रात जत्रा भरते, तेव्हा बगाड निघतं. दगडी चाकांचा भला मोठा गाडा, त्यावर खांब, खांबावर आडवं लांबलचक शीड. शीडाच्या टोकाला माणूस टांगायचा, पाठीत लोखंडाचे दोन गळ अडकवून. त्या माणसाला गळकरी म्हणतात. गावातल्या चार जुन्या घरांचा हा मान. त्या दिवशी चारही घरांचे गळकरी एकामागून एक चढतात. चढायचा क्रम दरसाल बदलतो, पण पहिल्या मानाचा नारळ आमच्या घराचा. माझे सासरे मारुतराव ऐन तारुण्यापासून केस पांढरे होईपर्यंत शीडाला गेले. खाली उतरले की लोक त्यांच्या पायावर डोकं ठेवत. ज्या माणसाची जमीन कंपन्यांना गेली, ज्याच्या कांद्याच्या वावरात आता ट्रक उभे राहतात, त्याच्याकडे आपलं म्हणून दाखवण्यासारखं एवढंच उरलं होतं. त्यांचा राग आला तरी मी हे विसरत नसे, आणि राग मला बऱ्याचदा येई.

गळ एकच जोडी. ती आमच्या देवघरात असायची, लाल फडक्यात. ते फडकं सोडायचा अधिकार फक्त मामांचा. आणि त्या गळांचा एक नियम होता, घराण्यात चालत आलेला: त्यांना विस्तव दाखवायचा नाही, पाणी लावायचं नाही. जत्रेच्या आधी हळद आणि गोडं तेल चोळायचं, एकाच्या पाठीतून काढले की फडक्याने पुसायचे आणि दुसऱ्याला लावायचे. पुसायचं फडकंही तेच. मी एकदा आत्यांना, म्हणजे सासूबाईंना म्हणाले, निदान उकळून तरी घ्यावेत. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी देवच उकळायला निघालेय.

मामांचं वय झालं आणि मधली काही वर्षं आमचा मान माझ्या दिराने चालवला. तो परदेशी गेला. त्या वर्षीच्या चैत्रात पाळी आली माझ्या नवऱ्यावर, कुलदीपवर. दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस, इंजेक्शनची सुई दिसली तर मान वळवतो. पण वडिलांना नाही म्हणायची छाती त्याला नव्हती. मी मात्र स्वच्छ सांगितलं होतं की मला हा प्रकार पसंत नाही. मामा म्हणाले, "सूनबाई, तू जेवायला वाढ." झालं, विषय संपला.

तर ही अशी पार्श्वभूमी, आणि त्यात गावात रक्तदान शिबिर झालं.

बाटल्या भरभरून गेल्या आणि त्यातल्या काही परत आल्यासारख्याच झाल्या. तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. रक्तातून रक्तात जाणारी ही कावीळ. वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकते आणि माणसाला पत्ता लागू देत नाही. मग पुण्याहून एक पथक आलं. डॉक्टर आम्रपाली त्याच्या प्रमुख. ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, चहाला कधी नाही न म्हणणाऱ्या. गावातली जुनी घरं, डोंगराकडची ठाकरवाडी आणि बाहेरून येऊन राहिलेले भाडेकरू, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांच्या रक्तात हा विषाणू आहे का आणि असला तर तो एकच आहे की निरनिराळा, हे त्यांना शोधायचं होतं. सगळ्यांनी रक्त दिलं. मामांनी अर्थातच रक्त घेणाऱ्या पोराला आधी पाठ दाखवली; डॉक्टर तेव्हा वर ठाकरवाडीत होत्या.

सुरुवातीचे निकाल आले. मामांना कावीळ होती. बाकीच्या तीन घरांतल्या काही पुरुषांनाही होती. कुलदीपला नव्हती, मलाही नव्हती, आत्यांनाही नव्हती. आणि आमच्या भाड्याने दिलेल्या खोल्यांतल्या ज्योतीरामला होती.

ज्योतीराम सुरवसे धाराशिवकडचा. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत टूलरूममध्ये फिटर. बायको रुपाली, मुलगी दहावीला. आमच्या खोल्यांच्या ओळीत सगळ्यात स्वच्छ उंबरा त्यांचा. त्याने अहवाल लपवला नाही, इथंच तो चुकला म्हणायचं. सरळ मामांना येऊन सांगितलं, "मालक, मला बी निघालंय. लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालतं, रक्त चढवलतं. तवाचं असंल म्हणायलेत डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जत्रा कमिटीचा अध्यक्ष जयदीप याचा मेसेज; तोही मानाच्या चार घरांपैकीच. बाहेरून आलेल्या लोकांमुळे गावात रोग शिरलेला आहे, तरी ज्यांच्याकडे असे भाडेकरू असतील त्यांनी जत्रेआधी खोल्या रिकाम्या करून घ्याव्यात. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. कुणाला शंका नाही, कुणाचा प्रश्न नाही. मूळचे आम्ही स्वच्छ, घाण आली ती बाहेरून, हे गावाला आधीपासूनच ठाऊक होतं. रक्त तपासलं ते नुसतं नावापुरतं.

आणि मामांनी ते ऐकलं. याचं मला अजून वाईट वाटतं. अंगणात उभं राहून त्यांनी ज्योतीरामला सांगितलं, "जत्रंच्या आदी खोली सोड. गावाचा शब्द हाय."

"पोरीची परीक्षा हाय की हो मालक, तवर तरी."

"न्हाई म्हणालो ना."

रुपाली दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मी त्या दिवशी मामांना पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. म्हटलं, तुमचा पाणबुडी पंप बिघडला की तो दुरुस्त करतो, तुमच्यासाठी दवाखान्यात रांगेत उभा राहिलाय आणि तुम्ही त्याला एका मेसेजवर बाहेर काढता? मामा माझ्याकडे न बघता म्हणाले की त्यांना आजार त्याच्याकडूनच लागला, त्याच्या हातचा चहा त्यांनी किती वेळा प्यायलाय. चहाने ही कावीळ होत नाही, हे मी ओरडून सांगितलं. कोण ऐकतो!

ज्योतीराम खोली शोधत हिंडायला लागला. आजूबाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर तो मेसेज त्याच्या आधी पोचलेला होता. कुठेच दार उघडेना. कंपनीत ठेकेदाराच्या कानावर गेलं तर कामही जाणार, ही धास्ती वेगळीच.

अशात डॉक्टर आम्रपाली पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याकडे विषाणूंच्या वंशावळीचा निकाल होता. ओसरीवर खुर्ची टाकली, मामा समोर बाजेवर, मी चहा घेऊन, आत्या आतल्या उंबऱ्यावर. ज्योतीरामला मी मुद्दाम बोलावून घेतलं. मामांना ते आवडलं नाही, पण पाहुण्यासमोर बोलले नाहीत.

"हा विषाणू शरीरात आपल्या नकला काढत राहतो," डॉक्टर म्हणाल्या, "आणि नकला काढताना बारीक चुका करतो. त्या चुका पुढच्या सगळ्या नकलांत उतरतात. त्या जुळवून बघितल्या की कोणता विषाणू कोणाचा नातलग ते कळतं."

"म्हंजी भावकी," मामा म्हणाले.

"अगदी बरोबर, भावकी. मी कोणाचं नाव घेणार नाही, तसा नियम आहे. पण गावातल्या जुन्या घरांत ज्यांना ज्यांना लागण आहे, त्यांचे विषाणू एकाच भावकीतले आहेत. सख्खे चुलत म्हणावेत इतके जवळचे. भाडेकरूंमधले मात्र प्रत्येकाचे निराळे. जो जिथून आला तिथला विषाणू घेऊन आलाय. ज्योतीरामांनी परवानगी दिली म्हणून सांगते, यांचा तर प्रकारच वेगळा. तुमच्या गावाच्या भावकीत तो कुठेच बसत नाही."

मामांनी चहा खाली ठेवला. "मग आमच्यात कवा आला?"

"तारीख सांगता येत नाही. पण चुका किती साचल्यात त्यावरून अंदाज बांधता येतो. इथं कंपन्या आल्या, खोल्या झाल्या, त्याच्या पुष्कळ आधी तो गावात होता. आणि गंमत म्हणजे वरच्या ठाकरवाडीत एकालाही नाही."

म्हणजे गावात भाडेकरू नावाचा प्राणी नव्हता तेव्हापासून. डॉक्टरांनाच कोडं पडलेलं होतं. चार निरनिराळ्या घरांतले पुरुष, पण बायका जवळपास नाहीतच. यांच्यात सामाईक काय? एक न्हावी? एक डॉक्टर, एक सुई? मामा प्रत्येकाला नाही म्हणत होते. आणि आतून आत्यांचा आवाज आला. आयुष्यभर त्या नवऱ्याशी पाहुण्यांसमोर बोललेल्या नव्हत्या.

"त्यास्नी म्हणावं, सदरा काडा."

मामांचा हात वरच्या बटणावर गेला आणि तिथंच राहिला. कुणाहीपुढे सदरा काढणारा माणूस, पण त्या दिवशी बटण मुठीत धरून बसून राहिला. चेहरा असा उतरला की माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. डॉक्टरांना मग मीच सांगितलं. गळ, हळद, तेल, एकच फडकं, चौघे जण, एकामागून एक. ठाकरांना आम्ही बगाडाला हात लावू दिला नव्हता, भाडेकरूंना गाड्याभोवतीच्या दोरीच्या आत येऊ दिलं नव्हतं. ज्यांना लांब ठेवलं ते सगळे आमच्या या भावकीपासून त्यामुळेच वाचले होते. डॉक्टर ऐकत होत्या आणि चहा निवून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मामा एवढंच म्हणाले, "औंदा कुलदीपच्या पाठीत जानार व्हते."

परदेशी असलेल्या दिराला रक्त तपासून घे म्हणून मी त्याच रात्री कळवलं. पुढचे काही दिवस मामा देवघरासमोर बसायचे, फडकं सोडायचे नाहीत. जयदीपला कुठून तरी कुणकुण लागली आणि तो घरी आला. म्हणाला, "डॉक्टरांच्या कागदात कुणाचं नाव नाही ना? मग झालं तर. गप राहा राव. भाडेकरू चाललेत, जाऊ द्या. जत्रेचं नाव खराब झालं तर उद्या बंदी आणतील." त्याचं म्हणणं सोयीचं होतं. मामा गप्प राहिले असते तर त्यांचा मान राहिला असता, आणि कुणी त्यांना जाब विचारणार नव्हतं. ज्योतीराम मात्र कायमचा 'रोग आणणारा' म्हणून इथून गेला असता. मला खरंच भीती वाटली की ते गप्प राहतील.

त्या संध्याकाळी मामा उठले आणि ज्योतीरामच्या खोलीकडे गेले. मालक कधी भाडेकरूच्या खोलीत बसत नसतो. ते जाऊन खाली सतरंजीवर बसले. मी मागोमाग चहा घेऊन गेले, खरं तर ऐकायला गेले. रुपालीचं सामान अर्धं बांधलेलं होतं.

मामांनी लाल फडकं ज्योतीरामपुढे ठेवलं. म्हणाले, "तू लोखंडातला मानूस. माजा आजा सांगायचा, ह्यास्नी विस्तव दावू नको, पानी लावू नको. का, ते त्यानं सांगितलं न्हाई. तुला कळतंय का बघ."

ज्योतीरामने आधी हात धुतले. मग गळ उचलून उजेडात फिरवले, बोटाने वाक चाचपला. "मालक, हे कुण्या चांगल्या लोहाराचं काम हाय. लोखंडाला पाणी दिलंय, तापवून पाण्यात बुडवून कडक केलंय. विस्तवात टाकलं तर पाणी उतरतंय, मऊ पडतंय. माणूस टांगला की गळ सरळ व्हईल. अन् पाण्यानं गंज धरून झिजंल. माणूस पडू नये म्हणून सांगितलंय बघा त्यांनी."

मामांचे डोळे भरून आले. आज्याने उगाच काही सांगितलं नव्हतं, हे त्यांना त्या दिवसांत फार हवं होतं. त्यांनी गळ पुन्हा फडक्यात गुंडाळले आणि ते म्हणाले, "सामान सोड. कुटं जाऊ नगंस. माजं चुकलं, ज्योतीराम."

त्या बुटक्या खोलीत, बांधलेल्या गाठोड्यांच्या मध्ये बसलेले माझे सासरे मला शीडावरच्यापेक्षा उंच दिसले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

जत्रेची बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. मामा ज्योतीरामला बरोबर घेऊन गेले आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं. आम्ही बायका मागे खांबापाशी उभ्या होतो. मामा उठले.

"ह्यो आजार बाहेरच्यांनी आनलेला न्हाई," ते म्हणाले. "आपल्या गळांनी पसारलाय. माज्या पाठीतनं म्होरल्याच्या पाठीत ग्येलाय. माज्यात कुनाच्या पाठीतनं आला त्येला बोल लावायचा न्हाई, त्यास्नी ठावं नव्हतं. मला बी नव्हतं. पर आता ठावं झालंय. आन् ह्या मानसाला मी खोली सोड म्हनालो, ती माजी चूक. समद्यांम्होरं सांगतो."

"मारुतराव, हे इथं बोलायचं होय?" जयदीप उठला. "गावाची अब्रू काय राहील?"

"आब्रूसाटनंच बोलतोय. तुजा पोरगा बी चार वर्सांनी शीडाला जाईल. जाऊ दिऊ का त्येच्या पाठीत ह्ये गळ? व्हय म्हन, मी गप बसतो."

जयदीप खाली बसला. म्हाताऱ्यांतून कुणीतरी विस्तव-पाण्याचा नियम काढला, तेव्हा मामांनी लोखंडाच्या पाण्याची गोष्ट सांगितली. आपली जुनी माणसं येडी नव्हती, नियम माणूस वाचवायला होता, आपण नुसता नियम वाचवत बसलो, असं ते म्हणाले. मग त्यांनी ठराव मांडला. जुने गळ देवापाशी ठेवायचे, त्यांना हळद-तेल तिथं मिळेल. नवे गळ न गंजणाऱ्या पोलादाचे, ज्याचा त्याला स्वतंत्र जोड, दवाखान्याच्या यंत्रातून निर्जंतुक केलेले. आणि ते घडवणार ज्योतीराम. पहिला 'चालेल' तिसऱ्या घरातल्या गळकऱ्याचा आला. त्यालाही कावीळ होती.

मामा आणि ज्योतीराम गोळ्यांसाठी पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात एकाच बसने जायला लागले. एकाच बाकावर बसून जात आणि परतताना हटकून मिसळ खाऊन येत. आजकाल या गोळ्यांनी ही कावीळ पार जाते, तशी दोघांचीही गेली. उरलेल्या वेळात ज्योतीरामने शिफ्ट सुटल्यावर एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गळ घडवले. ते आमच्या चिंचेच्या फांदीला बांधून, खाली माणसाच्या दुप्पट वजनाच्या कांद्याच्या गोण्या टांगून दिवसभर ठेवले. मामा खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसले होते. गळ केसभरही वाकले नाहीत.

चैत्रातला तो दिवस आला. मला अजूनही तो प्रकार पसंत नाही, हे नोंदवून ठेवते. पण कुलदीप शीडाला चढला तेव्हा मी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा तो वर होता, हात जोडून, हसत होता. त्याच्या मागोमाग बाकीचे तिघे गेले, ज्याच्या त्याच्या गळांवर. दोरीच्या आत या वेळी ठाकरवाडीची माणसंही होती. डॉक्टर आम्रपाली प्रत्येकाच्या पाठीला औषध लावत होत्या आणि जयदीप त्यांच्यासाठी कापसाची पाकिटं फोडत होता.

बगाड थांबलं की लाउडस्पीकरवरून मानकऱ्यांची नावं पुकारतात, नारळ देतात. नाव, मग गाव. पहिला नारळ आमच्या घराचा, त्याला कधीच दुसरं नाव नव्हतं. जयदीपने माइक हातात घेतला तेवढ्यात मामा त्याच्याजवळ गेले आणि कानात काहीतरी बोलले. जयदीप त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याने माइकवर हात ठेवला खरा, पण नीट ठेवला नाही, त्यामुळे पुढचं साऱ्या जत्रेने ऐकलं.

"नाव घेतो हो. पण गाव कुठलं सांगू?"

"ह्येच की," मामा म्हणाले. "दुसरं कुटलं?"

मग जयदीपने घसा साफ केला आणि पुकारलं, "पहिल्या मानाचा नारळ, ज्योतीराम सुरवसे, राहणार," आणि पुढे आमच्या गावाचं नाव घेतलं, ठासून, दोनदा.

रुपालीने माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला माझ्या सासऱ्यांचा असा अभिमान वाटला की मी चारचौघांत रडले. ज्योतीराम मात्र जागचा हलेना. दुसऱ्याच कुणाचं नाव घेतल्यासारखा मागे वळून बघत होता. शेवटी त्याच्या मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला पाठीत हलकेच ढकललं.

"अरं जा की राव. गाव थांबलंय."